मरखा खोऱ्याच्या ट्रेकमध्ये कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सहा दिवस कशा पुरवाव्यात?

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे जण पुण्याहून लडाखमधील मरखा खोऱ्याच्या ट्रेकला जाणार आहोत. स्कीऊ, मरखा, हांकर, निमालिंग असे मुक्काम करत, सुमारे ५,२०० मीटर उंचीची कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोला उतरण्याचा बेत आहे. गावांतल्या घरांमध्ये सौर दिवे असतात, पण यजमानांच्या त्या तुटपुंज्या विजेवर आपण चार्जर लावून बसणे मला योग्य वाटत नाही, आणि निमालिंगला तर तंबूतच राहायचे आहे. त्यामुळे सहाही दिवसांची वीज पाठीवरून न्यायची, असे धरून चाललो आहे.

माझा कॅमेरा कॅनन एम५० आहे. त्याला एलपी-ई१२ ही ८७५ एमएएचची, म्हणजे साधारण ६.३ वॉट-अवरची बॅटरी लागते. एका बॅटरीवर २३५ फोटो निघतात असे माहितीपत्रक सांगते, परंतु तो आकडा उबदार खोलीतल्या चाचणीचा आहे. शिवाय मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर आणि पडदा सतत चालू असल्यामुळे, भरल या रानमेंढ्यांचा कळप जवळ येण्याची वाट पाहत बसले तरी एकही फोटो न काढता बॅटरी उतरत जाते.

थंडीचा अनुभव मी एकदा घेतला आहे. डिसेंबरात केदारकंठाच्या माथ्यावर, नेमके उजाडण्याच्या वेळी, अर्धी भरलेली बॅटरी दहा मिनिटांत बंद पडली. उतरताना आतल्या खिशात ऊब मिळाल्यावर तीच बॅटरी पुन्हा चालू झाली आणि तिच्यावर आणखी साठ-सत्तर फोटो निघाले. थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज घसरते आणि कॅमेरा तिला रिकामी समजतो, हे मला नंतर कळले. त्या सूर्योदयाची हळहळ अजून जात नाही.

माझ्या कॅमेऱ्यात यूएसबीवरून चार्जिंग होत नाही, म्हणून पॉवर बँक घेतली तर यूएसबीवर चालणारा वेगळा चार्जरही घ्यावा लागेल. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि चार्जिंगमध्ये होणारी घट वजा करता तिच्यातून सहा बॅटऱ्या भरतील असा माझा अंदाज आहे. मात्र तिचे वजन चारशे ग्रॅमच्या पुढे जाते, तर एक बॅटरी पन्नास ग्रॅमचीही नसते. म्हणजे सहा जादा बॅटऱ्या तीनशे ग्रॅमच्या आत मावतात आणि त्या भरण्याची कटकटही उरत नाही. असे असताना पॉवर बँक फक्त मोबाइलसाठी ठेवावी का?

दुसरी शंका सौर पॅनेलची आहे. चालताना सॅकवर लटकवलेल्या पॅनेलचा कोन सतत बदलतो आणि अरुंद खोऱ्यात ऊन उशिरा येते. मुक्कामी दुपारी तीननंतर पोहोचून पॅनेलचा खरोखर उपयोग झाल्याचा कोणाचा अनुभव आहे का? शून्याखालील तापमानात बॅटरी चार्ज केल्यास तिला कायमची इजा होते, त्यामुळे निमालिंगला रात्री चार्जिंग करायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पर्यायी कंपन्यांच्या स्वस्त बॅटऱ्यांचा आहे. या कॅमेऱ्यात त्या उरलेला चार्ज बरोबर दाखवतात का, आणि थंडीत मूळ बॅटरीच्या तुलनेत किती टिकतात? ज्यांनी त्या चार हजार मीटरच्या वर वापरल्या आहेत, त्यांनी कृपया फोटोंच्या अंदाजे संख्येसह सांगावे. खरेदी जुलैअखेर करायची आहे, म्हणजे निघण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी दोन-तीनदा वापरून तपासता येईल.