क्लबचे वर्षभराचे उपक्रम आणि पाहुणे वक्ते: सल्ला हवा

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. आमच्या सेवा क्लबचं नवं वर्ष १ जुलैला सुरू होतंय आणि कार्यक्रम समिती यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. सभासद चाळीस, सभेला येतात पंधरा. महिन्याला दोन सभा, म्हणजे चोवीस वक्ते. आत्तापर्यंतची यादी: ताणतणाव, गुंतवणूक, सायबर फसवणूक, परत ताणतणाव. उपक्रमांत नेत्रतपासणी, वृक्षारोपण आणि १४ जूनला (जागतिक रक्तदाता दिन) रक्तदान शिबिर. गेल्या वर्षीही हेच होतं. तुम्ही वक्ते कसे ठरवता?

माजी_सचिव
चोवीस वक्ते बोलावूच नका. दहा पुरे. बाकीच्या सभांत कामाचं बोला.

आणि क्रम उलटा करा. आधी उपक्रम पक्का करा, मग त्याला लागणारा वक्ता शोधा. नेत्रतपासणी दृष्टिदिनाला धरून घेणार असाल (ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार), तर सप्टेंबरच्या सभेला नेत्रतंत्रज्ञ बोलवा. डोळ्यांचं महत्त्व वगैरे नको. तक्ता सहा मीटरवर कसा लावायचा, एक डोळा न दाबता कसा झाकायचा, नोंद कशी करायची, हे सभासदांकडून करून घ्यायला सांगा. आमच्याकडे त्या दिवशी कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

वक्त्याला फोनवर एकच विचारायचं: ‘आमच्याकडून तुम्हाला काय करून हवंय?’ १९२५ मध्ये हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात बोलल्या, ते नुसतं प्रेरणादायी भाषण नव्हतं. अंधांसाठीचं काम तुम्ही अंगावर घ्या, असं त्यांनी सरळ मागितलं. लायन्सची नेत्रसेवा तेव्हापासूनची. असा वक्ता वर्षात एक मिळाला तरी भरून पावलं.

लाल_पेशी
रक्तपेढीत काम करते, म्हणून फक्त शिबिरापुरतं. १४ जूनचा हट्ट सोडा. त्या दिवशी सगळेच शिबिर घेतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, लाल पेशी फार तर बेचाळीस. एकदम आलेला साठा साठवून पुढच्या टंचाईला पुरवता येत नाही. शिवाय नेहमीचे रक्तदाते एकाच वेळी देऊन बसले की पुढचे काही आठवडे त्यांना परत बोलावता येत नाही. रक्तपेढीला तारीख कळवू नका, विचारा. सुट्ट्यांच्या दिवसांतली सांगतील. फोटोला फलकावर दिनविशेष मिळणार नाही, एवढंच.

मागची_रांग
सभासद म्हणून माझी तक्रार. परिचय दहा मिनिटं, सत्कार दहा मिनिटं, अध्यक्षांचे दोन शब्द (ते दोन कधीच नसतात), मग वक्त्याला चिठ्ठी: ‘कृपया आवरते घ्या’. वीस मिनिटं भाषण, वीस मिनिटं प्रश्न, परिचय चार ओळी. एवढं पाळलंत तर पंधराचे पंचवीस होतील.

उगीच_आपलं
थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येक वक्ता उपक्रमाला जुंपला तर सभा म्हणजे प्रशिक्षण वर्ग होईल. दोन-तीन वक्ते निव्वळ मजेसाठी ठेवा: पक्षीनिरीक्षक, घड्याळं दुरुस्त करणारा, कोणीही. आणि चकचकीत उपक्रमांच्या मागे लागू नका. शिकागोतल्या पहिल्या रोटरी क्लबने १९०७ मध्ये सुरुवातीच्याच सेवाकार्यात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खटपट केली होती. तिथे फीत कापायला कोणाला बोलवणार?

माजी_सचिव
@उगीच_आपलं, मजेचे तीन मान्य. पण दहातलेच!

कोरी_पाटी
सगळ्यांचे आभार. ताणतणाव दोन्ही कापले. रक्तपेढीला आजच फोन केला, त्यांनी मेचा दुसरा आठवडा सुचवलाय. वृक्षारोपणाला मात्र वक्ता सुचत नाहीये. रोपं लावल्यावर वर्षभर पाणी कोण घालणार, यावर बोलू शकेल असं कोणाला बोलवावं?

मागची_रांग
गेल्या वर्षीची रोपं जिथे लावलीत, तिथल्या माळ्याला बोलवा. परिचय चार ओळींचा.