शब्दचर्चा: वाचायच्या पुस्तकांची चळत, थप्पी की उतरंड?

भाषांतरी (फोंडा)
गावच्या वाचनालयात अद्भुत कादंबऱ्यांचं वेगळं कपाट लावायचं चाललंय. कपाटाच्या दारावर वाचकांसाठी एक पानभर सूचना लावायची आहे: सध्या काय वाचताय ते वहीत लिहा, पुढे काय वाचायचं त्याची नोंद अशी ठेवा, वगैरे. मूळ मजकूर इंग्रजी, आणि त्यात 'टीबीआर पाइल' (टू बी रेड, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांचा ढीग) दर दोन ओळींनी येतं. पहिल्या खर्ड्यात त्याला 'वाचनीय पुस्तकांचा ढीग' लिहिलं होतं. समितीतल्या निवृत्त शिक्षिकांनी दोन्ही शब्दांवर काट मारली. 'वाचनीय' म्हणजे वाचण्याजोगं. वाचून झालेलं पुस्तकही वाचनीयच राहतं. आणि ढीग धुण्याचा असतो, कचऱ्याचा असतो, पुस्तकांचा नव्हे. पहिला मुद्दा मान्य. दुसऱ्याबद्दल शंका आहे, कारण 'पुस्तकांचा ढीग' सर्रास म्हणतात. 'वाचायची राहिलेली पुस्तकं' हे चोख आहे, पण पानात दहा वेळा येऊ लागलं की मजकूर रेंगाळतो. दोन शब्दांत बसेल असं सुचवा.

चिरेबंद (माशेल)
बाईंचं दुसरंही बरोबर. ढीग टाकलेला असतो, रचलेला नसतो. रचलेल्या गोष्टींना मराठीत वस्तूगणिक शब्द आहेत. चळत सारख्या आकाराच्या चपट्या वस्तूंची: रुपयांची, ताटांची, भाकऱ्यांची. थप्पी जड, चौकोनी वस्तूंची: पोत्यांची, विटांची, नोटांची. उतरंड मडक्यांची, तळाला रांजण आणि वर चढत लहान होत गेलेली. गठ्ठा दोरीने बांधलेला. रास धान्याची, खळ्यावर मापाची वाट पाहत असलेली. पेंढ्यांची उडवी.

पुस्तकांना यातला कुठला लावायचा हे पुस्तकांच्या आकारावर आहे. मराठी कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात येतात, साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. नुसत्या डेमी पुस्तकांची सुरेख चळत होते. पण या कपाटात इंग्रजी पुस्तकंही येणार. त्यांत खिशात मावणारं कागदी बांधणीचं पुस्तक ११ बाय १८ चं, नेहमीचं पेपरबॅक १३ बाय २० चं आणि पुठ्ठा बांधणीचं त्याहून मोठं. ती एकावर एक ठेवायची तर मोठं तळाला, लहान वर, नाहीतर वरचं पुस्तक कडेला लोंबतं आणि दोन आठवड्यांत त्याचा पुठ्ठा वाकतो. म्हणजे झाली उतरंड. माझं मत 'वाचायची उतरंड'.

ओली भिंत (मडगाव)
शब्द ठरवण्याआधी एक विनंती. त्या सूचनेत पुस्तकं एकावर एक रचायला सांगू नका, निदान गोव्यात तरी नको. इथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि पावसाळ्यात ती बंद खोलीत दिवसेंदिवस त्याहून वर असते. आडव्या रचलेल्या पुस्तकांमधून हवा फिरत नाही. सगळ्यात खालचं पुस्तक जमिनीची ओल ओढतं, त्याची पानं लाटेसारखी होतात. हजार पानांचं जाडजूड पेपरबॅक तळाला असेल तर वरच्या भाराने त्याची पाठ तिरकी होते, डिंकाची रेघ मधोमध उकलते आणि पहिली पन्नास पानं हातात येतात. अद्भुत कादंबऱ्या जाड असतात, म्हणून हे त्यांच्याच बाबतीत जास्त होतं.

रचायचीच असतील तर आठाच्या वर नको. खाली लाकडी फळी, भिंतीपासून चार बोटं अंतर. चिऱ्याच्या भिंतीला तर टेकवायचंच नाही. वेखंडाची पूड कापडाच्या पुरचुंडीत घालून ठेवा, ती किड्यांसाठी. कडुनिंबाचा पाला ठेवत असाल तर तो कुरकुरीत वाळलेला हवा. अर्धवट वाळलेला पाला स्वतःच ओल सोडतो आणि पानावर तपकिरी डाग पडतो. डांबर गोळ्यांनी कसर दूर राहील, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात मुरते. पुस्तक सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग नाकाला फडकं बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.

आणि उभी ठेवलीत तर उत्तम. मात्र तेव्हा ती चळतही नाही आणि उतरंडही नाही. ती रांग झाली. म्हणून 'वाचनरांग'.

भाषांतरी
ओल्या भिंतीबाब, हे सगळं सूचनेत घालतो. 'वाचनरांग' छान आहे, पण रांगेत पहिला आलेला पहिला जातो. वाचायची पुस्तकं तशी जात नाहीत. काल आणलेलं आज सुरू होतं आणि तीन वर्षांपूर्वीचं तिथेच राहतं.

मात्रा-वेलांटी (पणजी)
तेच तर. जे राहून गेलं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: शेष. 'वाचनशेष' म्हणा, किंवा 'वाचन-अनुशेष'. सिंचनाचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष आपण रोज वाचतो. दोन शब्दही नाहीत, एकच. सावरकरांनी दिनांक, महापौर, चित्रपट दिले तेव्हाही लोक म्हणाले, हे कोण बोलणार? आज बोलतात. 'टीबीआर' ही तीन अक्षरं मराठी सूचनेत दिसता कामा नयेत.

चिरेबंद
वेलांटीताई, दिनांक रुजला कारण त्याने 'तारीख' हलवली नाही. फॉर्मवर दिनांक लिहितो आणि तोंडाने तारीख विचारतो. आणि गोव्यात बसून परक्या शब्दांना दार लावायचं तर पगार, चावी, लिलाव, परात, घमेलं हे सगळं बाहेर काढावं लागेल. सगळे पोर्तुगीज, आणि नुसत्या गोव्यात नव्हे तर नागपुरापर्यंत मराठी होऊन बसलेले. तरीही 'टीबीआर' नको हे मलाही मान्य, कारण वेगळं आहे. ती आद्याक्षरं आहेत. त्यांना विभक्ती लावून पाहा: 'टीबीआरातलं पुस्तक'. बसत नाही.

अनुशेषाला माझा विरोध आहे. अनुशेष म्हणजे कुणीतरी काम केलं नाही. वाचायला घेतलेल्या पुस्तकांवर हा आरोप कशाला?

मात्रा-वेलांटी
उतरंडीवर नाही का आरोप? 'जातींची उतरंड' हा प्रयोग आता इतका पक्का झालाय की उतरंड म्हटलं की खाली दबलेलं कोणीतरी दिसतंच. वाचनालयाच्या दारावर तो शब्द मला नको. आणि 'शेष' मध्ये दोष नाही. देवाला वाहून उरलेलं फूलही शेषच, आपण ते डोक्याला लावतो.

रानवाट (डिचोली)
जपानी भाषेत या एकाच गोष्टीला शब्द आहे, 'त्सुन्दोकु'. रचून ठेवणे आणि वाचणे हे दोन शब्द जोडून तो मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान कधीतरी रूढ झाला. गंमत अशी की मराठीला इतकं लांब जायला नको. आपल्याकडे 'रचणे' हे क्रियापद थर लावण्यालाही आहे आणि कविता करण्यालाही. विटा रचतात, ओव्या रचतात. लिहिणाऱ्याने रचलं, विकत घेणाऱ्याने पुन्हा रचलं. म्हणून नुसतं 'रच' घ्यावं. जुन्या मराठीत लाकडांची रच म्हणतातच.

आणखी एक. 'चळत' हा शब्द 'चळणे' पासूनच असणार. उंच रचलं की ते चळतं, जागेवरून सरकतं. पुस्तकांचा चळ लागतो तोही तोच.

चिरेबंद
हे ऐकायला गोड आहे, पण तसं असतं तर चळत नीट रचलेलीला म्हणालो नसतो. चळतीचं सगळं कसब न हलण्यात आहे. ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही. आणि 'रच' सहसा सरणाच्या लाकडांची असते. वाचनालयाच्या दारावर ती नको.

रानवाट
सरणाचा मुद्दा मान्य, 'रच' मागे घेते. चळीचा नाही. चळत हलते म्हणूनच नीट रचावी लागते.

खंड-तिसरा (म्हापसा)
सगळे नावावर भांडताय, पण मोजणार काय ते कुणी सांगितलं नाही. यादीत एक नोंद म्हणजे एक पुस्तक की एक मालिका? अद्भुत कादंबऱ्यांत सगळी गडबड इथेच होते. 'व्हील ऑफ टाइम' अशी एक ओळ लिहिली की ती एक नोंद दिसते, प्रत्यक्षात ते १४ जाड खंड आहेत, १९९० ते २०१३ मध्ये आलेले. लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटचे तीन ब्रँडन सँडरसन यांनी पुरे केले. दहा ओळींची यादी अशी शंभर पुस्तकांची होते आणि वाचक धीर सोडतो. उलट टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे १९५४-५५ चे तीन खंड ही एकच कादंबरी आहे, छपाईच्या सोयीसाठी तोडलेली. ती तीन नोंदी म्हणून लिहिणं चूक. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड मालिकेची ४१ पुस्तकं तिसऱ्याच जातीची, प्रत्येक कादंबरी बरीचशी स्वतंत्र आणि आत शिरायला वाटा अनेक. तिथे सगळी लिहूच नयेत, एक लिहावं.

यासाठी सूचनेत तीन रकाने घाला. पहिल्यात मालिकेचं नाव, दुसऱ्यात 'कितव्यावर आहे / एकूण किती', तिसऱ्यात 'पुरी झाली का'. तिसरा रकाना सगळ्यात कामाचा. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चा पहिला खंड १९९६ चा, पाचवा २०११ चा, पुढचा अजून नाही. असली मालिका वेगळ्या पानावर 'थांबलेल्या' म्हणून लिहायची, चालू यादीत नाही. चालू यादीत पाचच ठेवा. सहावं लिहायचं तर एक खोडायचं. पन्नास पानांत पुस्तकाने धरलं नाही तर ते खोडायला हरकत नाही, पण खोडल्याची तारीख आणि पान क्रमांक लिहून ठेवा. वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा घरी येतं तेव्हा तो आकडा उपयोगी पडतो.

आता शब्द. तीन खंडांच्या कथेला 'त्रयी' लिहा, 'त्रिखंड' नको. त्रिखंड म्हणजे सगळं जग, 'त्रिखंडात कीर्ती' मधलं.

मात्रा-वेलांटी
त्रयी उत्तम. टॉल्किनच्या मराठी अनुवादाचं नाव 'स्वामी मुद्रिकांचा' आहे. 'अंगठ्यांचा मालक' म्हटलं असतं तर सराफ डोळ्यांसमोर आला असता. मुद्रिका म्हटलं की हनुमंताने सीतेला दिलेली रामाची मुद्रिका आठवते, ओळख आणि सत्ता दोन्ही त्या एका वस्तूत. संस्कृत शब्द कुठे कामाला येतो ते इथे दिसतं.

रानवाट
पण तोच न्याय हॅरी पॉटरला लावा. पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. परीस हा घरातला शब्द, ज्ञानेश्वरांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडचा. लोखंडाचं सोनं करतो हे मुलाला समजावून सांगावं लागत नाही. कमी एवढंच की मूळ इंग्रजी नावातल्या दगडाने, 'फिलॉसॉफर्स स्टोन'ने, अमृतही मिळतं, परिसाकडे ते नाही. तेवढं मजकुरात भरून निघतं.

भाषांतरी
कपाटावरच्या पाटीचंही सांगा. तिथे 'अद्भुतरम्य' लिहिलंय. रंगाऱ्याला अक्षरं मोठी काढायला जागा पुरत नाही.

मात्रा-वेलांटी
'रम्य' कापा, जागा होईल आणि अर्थही सुधारेल. नाट्यशास्त्रकार भरताच्या आठ रसांत अद्भुत आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय. हवं ते सगळं त्यात आलं. 'रम्य' हे शेपूट जुन्या कादंबरीला शोभायचं. हळब्यांच्या १८६१ च्या 'मुक्तामाले'सारख्या कथांत संकटं असली तरी शेवट गोड होता. आताच्या निम्म्या कादंबऱ्यांत नगरं जळतात, नायक मरतात. त्यात रम्य काय आहे?

चिरेबंद
पूर्ण सहमत. पाटीवर 'अद्भुत' एवढंच. आणि परीकथांची पुस्तकं त्या कपाटात घालू नका, मोठे वाचक दारातूनच परत जातात.

ओली भिंत
पाटी कपाटाच्या लाकडावर रंगवायची असेल तर पाऊस संपल्यावर. ओल्या लाकडावरचा ऑइलपेंट दिवाळीपर्यंत पापुद्रे सोडतो.

भाषांतरी
'अद्भुत' ठरलं. चळत, उतरंड, रांग, शेष या चारांत अजून अडलोय. त्यात सूचनेच्या शेवटी एका कथेतला उतारा आहे, त्यात 'गार्डियन' येतो, एका खिंडीचं रक्षण करणारा अदृश्य पुरुष. 'संरक्षक' फार कोरडं वाटतं. 'राखणदार' लिहू का?

रानवाट
अवश्य. गोव्यातल्या वाचकाला आणखी काही सांगावं लागणार नाही. वेशीवरचा राखणदार, त्याला वर्षाची राखण द्यायची, हातात काठी, रात्री त्याच्या वाटेत झोपायचं नाही. कुठे त्यालाच देवचार म्हणतात.

मात्रा-वेलांटी
देवचार नको. महाराष्ट्रातला वाचक त्याला भूत समजेल. राखणदार चालेल, तो दोन्हीकडे सरळ कळतो.

चिरेबंद
एक अडचण आहे. आपला राखणदार जागेचा असतो. त्याची हद्द ठरलेली, ओहोळापासून वडापर्यंत. तो कुणाच्या सोबतीला हद्दीबाहेर जात नाही. त्या उताऱ्यात तो खिंडीतच राहतो का?

भाषांतरी
नाही. दुसऱ्याच पानावर तो मुलीबरोबर प्रवासाला निघतो.

रानवाट
मग 'पाठीराखा' बघा.

चिरेबंद
पाठीराखा माणूस असतो, भाऊ असतो. इथे अदृश्य पुरुष आहे, आणि त्याने आपली जागा सोडली आहे. राखणदाराने हद्द सोडली तर गावाचं काय होतं, हाच बहुधा त्या कथेचा गाभा असेल. राखणदारच ठेवा, म्हणजे निघाल्याचा धक्का आपल्या वाचकाला बसेल.

मात्रा-वेलांटी
तो धक्का मूळ इंग्रजीत आहे का, ते आधी पाहा. त्या मुलीचं गाव मागे कोणाच्या भरवशावर राहतं? तो परिच्छेद इथे द्या.