विषय: नदीतून लोन पाइन – जुलैची सहल, आणि कोआलाला कडेवर घेण्याचा प्रश्न

प्रेषक: सहल समिती
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

यंदाची हिवाळी सहल ब्रिस्बेन नदीतून लोन पाइन कोआला अभयारण्यात न्यावी, असे समितीच्या बैठकीत ठरले आहे. साउथ बँकवर स्टेट लायब्ररीजवळच्या कल्चरल सेंटर धक्क्यावरून सकाळी बोट सुटते. ती प्रवाहाच्या उलट दिशेने साधारण सव्वा तास जाते आणि फिग ट्री पॉकेट येथे अभयारण्याच्या धक्क्याला लागते. तिथे काही तास फिरून दुपारी त्याच बोटीने परत यावयाचे आहे. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, शाळांच्या सुट्टीतला एक रविवार आम्ही पाहत आहोत. येणाऱ्यांनी आपल्या कुटुंबातील मोठ्यांची आणि मुलांची संख्या येत्या आठवड्यात कळवावी, म्हणजे बोटीच्या जागा एकत्र राखून ठेवता येतील.

कळावे, लोभ असावा.
सहल समितीच्या वतीने

*

प्रेषक: एक सभासद (दोन लहान मुलांचे बाबा)

समितीस नमस्कार.

सहलीची कल्पना चांगली आहे, परंतु दोन गोष्टी मनात आल्या आणि त्या स्पष्टपणे मांडणे मला योग्य वाटते. पहिली म्हणजे, शहरातून लोन पाइनला थेट बस जाते आणि ऑगस्ट 2024 पासून बसचे भाडे केवळ पन्नास सेंट आहे. असे असताना चार जणांच्या कुटुंबाने बोटीसाठी कितीतरी पट पैसे का मोजावेत आणि लहान मुलांना येता-जाता मिळून अडीच तास एका जागी का बसवावे? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काही वर्षांपूर्वी माझे आईबाबा पुण्याहून आले होते, तेव्हा आम्ही त्यांना तिथे नेले होते. आईने कोआलाला कडेवर घेतलेले छायाचित्र आजही आमच्या दिवाणखान्यात आहे आणि ते पाहून माझी मुलगी गेली दोन वर्षे हट्ट करत आहे. आता असे समजते की कोआलाला हातात घेऊ देणे तिथे बंद झाले आहे. ते खरे असेल, तर मुलांना तिथे नेऊन त्यांची निराशाच होईल. त्यापेक्षा समुद्रकिनारी जावे, असे मी सुचवतो.

आपला

*

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सर्वांना नमस्कार.

वरील पत्र मी दोनदा वाचले. त्यातील दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. पत्र लांबले तर समजून घ्यावे.

बसने वीस-पंचवीस मिनिटे वाचतील हे खरे. पण बसमधून आपल्याला दिसतात ते रस्ते आपण रोजच पाहतो. ज्या नदीमुळे हे शहर वसले, जिला इथले मूळ रहिवासी मईवार म्हणतात, ती आपल्यापैकी बहुतेकांनी पुलावरून गाडीने ओलांडण्यापलीकडे पाहिलेलीच नाही. 1823 साली ब्रिटिश सर्वेक्षक जॉन ऑक्सली या नदीत शिरला, तेव्हा आधीच वादळात भरकटून इथे अडकलेल्या लाकूडतोड्यांनी त्याला तिचा पत्ता सांगितला होता, आणि त्या लाकूडतोड्यांना जगवले होते किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी. या नदीच्या काठी राहूनही आपल्या मुलांना हे ठाऊक नसावे, याची मला नेहमी खंत वाटते.

बोट सुटली की कुरिल्पा, विल्यम जॉली, मेरिव्हेल आणि गो बिट्वीन हे चार पूल एकापाठोपाठ डोक्यावरून जातात. मग मिल्टन, टूवॉंग मागे पडतात आणि नदी सेंट लुसियाला मोठा वळसा घालते. आपल्या मंडळातील किती तरी मुले तिथल्या क्वीन्सलंड विद्यापीठात शिकली आहेत. त्याची जमीन 1926 साली जेम्स आणि मेरी मेन या भावाबहिणीने दिलेल्या पन्नास हजार पौंडांतून घेतली गेली, ही गोष्ट तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला तो परिसर बोटीतून पाहताना अधिक जवळची वाटते. पुढे इंडुरूपिलीचे छोटे बेट लागते. त्यावरच्या झाडांना फळे लटकावीत तशी शेकडो वटवाघळे उलटी लटकलेली असतात आणि त्यांचा कलकलाट बोटीच्या इंजिनावरही ऐकू येतो. काठाने खारफुटी आहे, तिच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. मुलांनी पाण्यात हात घालू नये, कारण या गढूळ पाण्यात बुल शार्क राहतात. ते बोटीच्या वाटेला जात नाहीत, परंतु सावधगिरी हवीच.

इंडुरूपिलीला चार पूल एकमेकांना खेटून उभे आहेत आणि माझ्या मते सव्वा तासातला हा सर्वांत बोलका भाग आहे. तिथला 1876 चा पहिला रेल्वे पूल 1893 च्या पुराने वाहून नेला आणि 1895 मध्ये त्या जागी नवा उभा राहिला. शेजारचा वॉल्टर टेलर पूल 1936 सालचा. त्याच्या दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांत माणसे राहत असत, अगदी 2010 पर्यंत. त्याचे लोखंडी दोर सिडनी हार्बर पुलाच्या बांधकामातून उरलेले आहेत. आमचे घर तिथून फार दूर नाही. 13 जानेवारी 2011 रोजी शहरातील मापकावर पाणी 4.46 मीटरवर पोहोचले, तेव्हा आम्ही रात्रभर जागून तळमजल्यावरचे सामान वर चढवत होतो, आणि शेजारच्या घरात नदीचे पाणी खिडकीतून आत शिरताना पाहत होतो. 1974 ला पातळी 5.45 मीटर होती आणि 1893 ला 8.35. मधल्या काळात नदीच्या वरच्या अंगाला वायव्हनहो धरण झाले, तरी 2011 आणि 2022 ला नदीने आपली जुनी हद्द पुन्हा दाखवली. फिग ट्री पॉकेटच्या सखल भागातही तेव्हा पाणी शिरले होते. शांत पाण्यावरून जाताना काठावरची सुंदर घरे पाहावीत, आणि पाणी कुठवर चढले होते याच्या खुणाही शोधाव्यात. एखाद्या नदीला ओळखणे याला म्हणतात.

आता दुसरा प्रश्न. होय, जुलै 2024 पासून लोन पाइनने कोआलाला कडेवर देणे बंद केले आहे. आईंच्या छायाचित्राबद्दल आपल्याला जे वाटते ते मी समजू शकते. आमच्याकडेही तसे छायाचित्र आहे आणि ते मी काढून टाकणार नाही. तरीही हा निर्णय मला मनापासून पटतो. निलगिरीच्या पानांत सत्त्व फार कमी आणि विषारी द्रव्ये पुष्कळ, म्हणून ती पचवण्यासाठी कोआला दिवसाचे अठरा-वीस तास निपचित पडून शक्ती वाचवतो. आपल्याला तो आळशी आणि लडिवाळ वाटतो, पण प्रत्यक्षात तो काटकसरीने जगत असतो. अशा जनावराला नव्या नव्या माणसांच्या हातांत फिरवायचे आणि ते शांत आहे म्हणून ते सुखात आहे असे समजायचे, ही समजूत चुकीची आहे. तिथे ठराविक वेळी, प्राण्यांची काळजी घेणाऱ्या माणसाच्या देखरेखीत, जवळ उभे राहून पाहता येते. पिल्लू आईच्या पोटपिशवीत सहा महिने राहते आणि मग बरेच दिवस तिच्या पाठीवर बसून हिंडते. बाहेर येण्याच्या सुमारास ते आईच्या आतड्यातून येणारा एक मऊ पदार्थ खाते आणि पाने पचवणारे जंतू त्यातून त्याच्या पोटात येतात. मुलांना हे सांगून पाहा, त्यांचे डोळे कसे विस्फारतात ते तुम्हीच बघाल.

या जागेचा इतिहासही मुलांना सांगण्यासारखा आहे. 1927 च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलंड सरकारने महिनाभर कोआलांच्या शिकारीला परवानगी दिली होती आणि त्या एका महिन्यात कातड्यांसाठी पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. लोक इतके संतापले की तसा हंगाम या राज्यात पुन्हा कधीच आला नाही. त्याच वर्षी क्लॉड रीड यांनी जॅक आणि जिल या दोन कोआलांसह लोन पाइन सुरू केले, आणि त्या जागी उभ्या असलेल्या एकट्या पाइन वृक्षावरून त्याला नाव मिळाले. फेब्रुवारी 2022 मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातील कोआलांना संकटग्रस्त घोषित करावे लागले. तोडलेली जंगले, रस्ते, मोकाट कुत्री आणि क्लॅमिडिया हा रोग, ही त्याची कारणे आहेत. या रोगावर सनशाइन कोस्ट विद्यापीठात तयार झालेल्या लसीला 2025 साली मान्यता मिळाली, ही बातमी आपल्या मुलीला जरूर सांगावी. बंद झालेल्या छायाचित्रापेक्षा तिच्या मनात ती अधिक काळ राहील, असा माझा अनुभव आहे. आमची नात आता पशुवैद्यकाचे शिक्षण घेत आहे आणि तिची सुरुवात अशाच एका सहलीने झाली.

आपली

*

प्रेषक: एक सभासद

मावशी आणि समिती, नमस्कार.

माझ्या सासूबाई सध्या मुंबईहून आल्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे. बोटीत चढणे-उतरणे, त्यानंतर धक्क्यापासून वरपर्यंत जाणे आणि आत फिरणे त्यांना जमेल का? शिवाय बोटीवर थंडी किती असते?

*

प्रेषक: सहल समिती

ताई, आपला प्रश्न समितीच्या लक्षात आधी यायला हवा होता. जागा राखताना आम्ही बोटचालकांना सासूबाईंची अडचण आधीच सांगू आणि भरती-ओहोटीनुसार धक्क्याचा उतार कमी-अधिक तीव्र होतो का, तेही विचारून घेऊ. धक्क्यापासून अभयारण्यात चढ चढावा लागतो, तेव्हा त्या बसने मुख्य दाराशी आल्या तर अधिक सोयीचे होईल. जुलैच्या सकाळी तापमान साधारण दहा अंशांच्या आसपास असते आणि वरच्या डेकवर वारा चांगलाच बोचतो; दुपारी मात्र वीसच्या पुढे उबदार ऊन पडते. मफलर, स्वेटर आणि टोपी सोबत असावी.

आमचा असा प्रस्ताव आहे की ज्यांना बोटीने यायचे आहे त्यांनी बोटीने यावे, ज्यांना ते परवडत नाही किंवा सोयीचे नाही त्यांनी बसने यावे, आणि सर्वांनी प्रवेशद्वाराशी भेटावे. बसने येणाऱ्यांपैकी दोघे कार्यकर्ते प्रवासभर ज्येष्ठांसोबत असतील.

*

प्रेषक: एक सभासद (दोन लहान मुलांचे बाबा)

मावशी, नमस्कार.

आपले पत्र मी काल रात्री मुलीला वाचून दाखवले. पिल्लू आईच्या पोटातले जंतू खाऊन पाने पचवायला शिकते, हे तिला फार आवडले आणि सहा महिने पिशवीत राहायचे म्हणजे तिथे श्वास कसा घेत असेल, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही, म्हणून ते अभयारण्यातील माणसाला विचारायचे असे आम्ही ठरवले आहे. आम्ही चौघे येतो. धाकटा दीड वर्षाचा असल्याने जाताना बायको आणि मी आळीपाळीने त्याला सांभाळू, परंतु नदीतूनच जाऊ. समुद्रकिनाऱ्याचा आग्रह मी मागे घेतो.

एक विनंती आहे. तिथे कांगारूंना हाताने खाऊ घालता येते, तेव्हा मागच्या वेळी आमच्याच गटातील एका मुलाने आपल्या डब्यातील चपाती त्यांना दिली होती आणि आम्ही कुणीही वेळेवर थांबवले नाही, याचे आजही वाईट वाटते. या वेळी तिथे विकत मिळणारे खाद्यच द्यावे, हे निघण्यापूर्वी सर्व मुलांना नीट सांगितले जावे.

आपला

*

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

आपण ही चूक मोकळेपणाने सांगितली, याबद्दल मनापासून आभार. मुलांना सांगण्याचे काम मी आनंदाने घेते. प्लॅटिपस या बदकासारख्या चोचीच्या प्राण्यापाशीही मुलांना मीच नेईन. तो अंडी घालतो, तरी पिल्लांना दूध पाजतो. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी असते. आणि डोळे, कान, नाक मिटून पाण्यात बुडाल्यावर भक्ष्याच्या स्नायूंतील विजेच्या झटक्यांवरून तो त्याला चोचीने शोधतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे कातडे प्रथम इंग्लंडला पोहोचले, तेव्हा कुणीतरी बदकाची चोच दुसऱ्या जनावराला शिवली असावी, असा तिथल्या विद्वानांना संशय आला होता.

लोन पाइननंतरची एक गोष्टही लक्षात असू द्यावी. आपल्यापैकी अनेक जण दक्षिणेकडील उपनगरांत आणि रेडलँड भागात राहतात. तिथे कोआला मोकळे हिंडतात आणि ऑगस्टपासून वर्षअखेरीपर्यंत तरुण कोआला नवीन जागा शोधत रस्ते ओलांडतात. संध्याकाळनंतर कोआलांबद्दल सावध करणाऱ्या पिवळ्या पाट्यांजवळ गाडी हळू चालवावी, रात्री कुत्रा घरात घ्यावा. ज्यांना जुलैत जमणार नाही त्यांनी डेझी हिलचे कोआला केंद्र पाहावे. तिथे प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

आमच्या घरातून आम्ही दोघे आणि नात, असे तिघे येतो. नातीला सुट्टी मिळाली, तर आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तीच देईल.