मदत हवी आहे: जांबोटीकडची 'मरकाफी', म्हणजे कॉफीची जुनी उंच झाडं, ठेवू की तोडू? आणि वळवाच्या आधी फळं वाळवायची कशी?

घाटमाथ्यावरचा

मंडळी, नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमचं थोडं रान आहे. भात, काजू, ओढ्याकडेला पोफळी. आणि बांधाच्या कडेनं कॉफीची नऊ झाडं. कॉफी म्हटल्यावर खांद्याएवढं झुडूप डोळ्यासमोर येत असेल तर ते सोडा, ही झाडं घराच्या कौलांच्या वर गेलीत. आमचे आज्जा तरुणपणी कोडगूत सोमवारपेठेच्या बाजूला एका मळ्यात हिशेब लिहायला होते, तिथून त्यांनी रोपं आणलेली. तिकडं वाऱ्याला आडोसा म्हणून ही हद्दीवर लावतात, कानडीत मरकाफी म्हणतात. आमच्याकडं ती मिरीच्या वेलांना आधार म्हणून टिकली. फळं माकडं आणि उदमांजरं खातात, उरलेली आई वाळवून कढईत भाजते, घरच्यापुरती.

परवा गोव्यातला एक कॉफी भाजणारा मुलगा चोर्ला घाटातून येताना आमच्याकडं थांबला. पानं बघून म्हणाला, ही कॉफीची एक्सेल्सा जात असणार, दोन-तीन किलो हिरवं, म्हणजे न भाजलेलं बी द्या, चव घेऊन सांगतो. काकांचं म्हणणं उलटं. रोबस्टा जातीच्या कॉफीला दर आलाय, ही तोडून रोबस्टा लावू. शिमग्यानंतर कुऱ्हाड लावायची म्हणतात.

पान वितीपेक्षा मोठं, जाड, चामड्यासारखं. फुलाला पाकळ्या पाचापेक्षा जास्त. फळ बोराएवढं, साल जाड, आत गर भरपूर. घोळ असा की फळ पिकतं एप्रिलात, आणि ते अंगणात पसरायला आणि वळीव यायला एकच गाठ. वरनं सुकल्यासारखं दिसतं, फोडलं की आत ओलं आणि बुरशी. ही नक्की एक्सेल्साच का? वाळवायचं कसं? आणि काकांना सांगू काय? कानडी कागदपत्रं वाचायची सवय आहे, त्याची काळजी नको.

मळेकरी_दांडेली

दादा, तोडू नका. आधी ओळख.

पाकळ्या पाचापेक्षा जास्त म्हणजे अरेबिका जातीची कॉफी नाही, तिला पाच असतात. एवढं पान आणि उंची म्हणजे लायबेरिका कॉफीच्या घराण्यातलं काहीतरी. लायबेरिकाचं फळ जास्त मोठं, गर फारच जाड आणि त्या मानानं बी कमी. एक्सेल्साचं फळ लहान, साल पातळ, घोसाला फळं जास्त. तुमचं वर्णन मधलं वाटतंय. नावाचा गोंधळ शास्त्रज्ञांचाही आहे. २००६ पासून एक्सेल्साला लायबेरिकाचाच पोटप्रकार धरत होते, २०२५ मध्ये जनुकं तपासून पुन्हा वेगळी जात मानली. कॉफी बोर्डाची संशोधन संस्था चिक्कमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला आहे, १९२५ पासूनची. फुलाचा, फळाचा आणि पट्टी ठेवून पानाचा फोटो तिकडं पाठवा. फळ आडवं कापूनही एक फोटो काढा, ओळख त्यातच पटते.

आता वाळवणं. अख्खं फळ वाळवायचा नाद तुमच्या हवेत सोडा. जाड गराला आठवडेच्या आठवडे लागतात, तेवढं ऊन तुमच्याकडं एप्रिलात कुठलं? सोलून धुवायची पद्धत घ्या. पूर्ण लाल झालेलीच फळं तोडा, बादलीत टाका, तरंगतील ती बाजूला काढा. अरेबिकाच्या पल्परमधनं, म्हणजे फळं सोलायच्या यंत्रातनं, ही जात नाहीत, बी चिरडतं. एवढ्याशा मालाला हातानं दाबून सोललेलं बरं, चिकट काम आहे, पोरं बसवा. मग बी बादलीत एक-दीड दिवस ठेवा. मूठभर घेऊन चोळलं की बुळबुळीत न लागता खडबडीत लागलं पाहिजे, लगेच दोन-तीन पाण्यांनी धुवा. जास्त ठेवलंत तर आंबूस वास बसतो आणि मग तो जात नाही.

वाळवण जमिनीवर नको. बांबूचा मांडव करून त्यावर जाळी, वरनं प्लास्टिक, चारही बाजू उघड्या. पहिल्या दिवशी सावली, थर बोटभर, सारखं हलवत राहायचं. आतल्या पातळ सालीसकट हे बी, ज्याला पार्चमेंट म्हणतात, आठ-दहा दिवसांत वाळतं. ओलावा अकरा टक्क्यांच्या आसपास हवा. काजूच्या व्यापाऱ्याकडं ओलावा मोजायचं यंत्र असतं, पण त्यावर कॉफीची नोंद आहे का ते विचारून घ्या, नाहीतर आकडा चुकीचा येतो. ही साल काढायला भाताच्या गिरणीत नेऊ नका, उखळात हलक्या हातानं कांडा.

आणि फळं किती लागतील त्याचा अंदाज घेऊन ठेवा. अरेबिकाची सहा किलो फळं साधारण एक किलो बी देतात, लायबेरिकाला दहा-बारासुद्धा लागतात. दोन-तीन किलो हवं तर तीस किलोच्या आसपास फळं माकडांच्या आधी हातात यायला हवीत.

पोफळीवाला

मी काकांच्या बाजूनं. नऊ झाडांवर कुणाचा संसार चालत नाही. रोबस्टाला आज गिऱ्हाईक दारात येतं, एक्सेल्साला शोधत फिरावं लागेल.

मळेकरी_दांडेली

पोफळीवाले, दराचं मान्य. पण रोबस्टा लावली की लगेच पैसे नाहीत, तीन-चार वर्षं वाट बघावी लागते. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलासाठी पाणी द्यावं लागतं, स्प्रिंकलर नसेल तर फूल एकसारखं येत नाही. आणि ही झाडं बांधावर आहेत, त्यांच्या जागी रोबस्टाची किती रोपं बसणार? काकांना सांगा, रोबस्टा मोकळ्या जागेत लावा, बांधाला हात लावू नका. मिरी उभी आहे ती वेगळीच.

गिऱ्हाइकाचं म्हणाल तर मलेशियात जोहोरकडं लायबेरिकाच पिकते, फिलिपिन्समध्ये बटांगासची बराको कॉफी तीच. एक्सेल्साची चव आंबटगोड, फणसाकडं झुकणारी, कॅफीन रोबस्टापेक्षा बरंच कमी. ज्यांना वेगळं काही हवं असतं तेच घेतात. थोडक्या मालाला तेच गिऱ्हाईक बरं.

घाटमाथ्यावरचा

मळेकरीदादा, मनापासून आभार. मिरीचा मुद्दा काकांना पटला, कारण वेल त्यांनीच लावलेत. यंदाचं पीक येईपर्यंत कुऱ्हाड थांबली. मांडवाला बांबू घरचाच आहे. एकच विचारायचं राहिलं, मिरीचे वेल असताना फांद्या छाटता येतील का? फळं फार उंचावर आहेत, शिडीनं पोचत नाही.

मळेकरी_दांडेली

येतील, पण पीक उतरल्यावर आणि एका वर्षी एकदोनच झाडं. शेंडा सगळा एकदम उतरवलात तर वेलांवर ऊन पडेल आणि मिरी गळेल. यंदा आकडीची काठी आणि खाली ताडपत्री. हिरवी पडतील ती निवडून टाका, एक मूठ हिरवी फळं अख्ख्या बादलीची चव बिघडवतात.

परसबाग_टिळकवाडी

मला थोडं बी मिळेल का? बंगल्याच्या मागं एक झाड लावीन म्हणते.

घाटमाथ्यावरचा

ताई, बी देतो, पण वाळवलेलं चालत नाही, ताजं धुतलेलंच लगेच पेरावं लागतं. एप्रिलात निरोप पाठवा, जांबोटीच्या एसटीनं पाठवतो. आणि बंगल्याच्या भिंतीपासनं लांब लावा, पुढं फार वाढतं.