नकार घरी बसून पाळता येतात

धर्म म्हणजे नुसती 'हे करू नका'ची यादी, हे अर्धंच खरं. आमच्या बेळगावात कन्नड शाळेतल्या पोरांना बसवण्णांचं वचन पाठ असतं: चोरी, हत्या, खोटं, राग, दुसऱ्याचा तिटकारा, आत्मस्तुती, परनिंदा नको. चक्क सात नकार! पण १२व्या शतकातल्या त्याच शरणांनी (म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्यासोबतच्या लिंगायत संतांनी) कायक आणि दासोहही सांगितलं. कष्ट करा, त्यातलं वाटा. नकार घरी बसून पाळता येतात (परनिंदा सोडून, कट्ट्यावर ती कुणाला सुटलीय?). दासोहाला चूल पेटवावी लागते, आणि कितीजणांना वाढलं म्हणजे पुरे, हे काही ठरलेलं नसतं. आमच्या गल्लीतले एक माळकरी काका कांदा-लसूणही शिवत नाहीत, पण दिंडी दारावरून गेली तरी तांब्याभर पाणी विचारत नाहीत. त्यांना अधार्मिक म्हणायला मात्र कुणी धजत नाही.