आर्क्टिकमधल्या गोड्या पाण्याचा ताळेबंद: संदर्भ क्षारता कुठली धरू? (मदत हवी आहे)

समुद्रशास्त्रातल्या जाणकारांना प्रश्न.

आर्क्टिक महासागरात वर्षाकाठी किती गोडे पाणी येते आणि किती बाहेर जाते, याचा हिशेब प्रबंधासाठी मांडते आहे. नद्यांचे साधारण 3200 घनकिमी आणि पाऊस-हिमवृष्टी वजा बाष्पीभवनाचे 2000च्या आसपास, इथवर ठीक.

अडते सामुद्रधुन्यांपाशी. पाणी खारटच, मग त्यातले ‘गोडे’ किती हे ठरवायला संदर्भ क्षारता लागते, म्हणजे ज्या क्षारतेच्या पाण्यात गोडे पाणी शून्य मानायचे ती; त्याहून कमी खारे पाणी आत आले तर जमा, जास्त खारे आले तर खर्च. 1989 मध्ये आगार्ड आणि कारमॅक या समुद्रशास्त्रज्ञांनी 34.8 (किलोभर पाण्यात साधारण इतके ग्रॅम मीठ) घेतली, तीच आजही बहुतेक जण घेतात. पॅसिफिककडच्या बेरिंग सामुद्रधुनीतून सेकंदाला 8 लाख घनमीटर पाणी आणि क्षारता 32.5 धरली, तर 34.8 ला वर्षाचे 1670 घनकिमी येतात, 35 ला 1800. एवढा फरक चालवून घेता येईल.

पण बॅरेंट्स समुद्रात शिरणारे अटलांटिक पाणी बघा. सेकंदाला 20 लाख घनमीटर, क्षारता 35 धरू. 34.8 ने ते 360 घनकिमी खर्चात पडते, 35 ने शून्य, आणि 35.2 ने तेच पाणी 360 जमेला! मार्गदर्शक म्हणतात, ‘सगळे 34.8 घेतात, तूही घे.’ हे काय उत्तर झाले?

दुसरे: महासागरातच गोठणारा आणि वितळणारा बर्फ मोजायचा का?

आगाऊ धन्यवाद.

खारेवारे: शंका रास्त आहे. एकेका सामुद्रधुनीचा आकडा संदर्भावर अवलंबून राहणारच, तिथे सुटका नाही. पण सगळी दारे, म्हणजे सगळ्या सामुद्रधुन्या, एकत्र घेतलीत, आणि आत येणारे व बाहेर जाणारे मीठ सारखे भरले, तर बेरजेतून संदर्भ क्षारता गळून पडते. उरते ते फक्त नद्या आणि आकाशातून आलेले पाणी. म्हणून आधी पाणी आणि मीठ यांचे हिशेब जुळवा. तक्त्यात प्रत्येक दाराचा प्रवाह आणि क्षारता द्या, गोड्या पाण्याचा रकाना शेवटी.

बर्फाचे म्हणाल तर द्रव आणि बर्फ मिळून एकच खाते असेल तर आतली गोठण-वितळण मोजू नका, फक्त फ्रॅममधून (ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधली सामुद्रधुनी) बाहेर जाणारा बर्फ धरा. घनता आणि त्यातले थोडे मीठ वजा जाता 1000 घनकिमी बर्फाचे साधारण 800 घनकिमी गोडे पाणी होते. आणि बेरिंगला 1670 वर थांबू नका. अलास्काच्या किनाऱ्यालगतचा कमी खारा प्रवाह आणि पाण्याचे थर धरून 2005 च्या अभ्यासात तो आकडा 2500 च्या घरात गेला.

धागाकर्ती: धन्यवाद! मिठाचा हिशेब आजच घालते. पण मग साठ्याचे काय? ब्यूफोर्ट गायरमधले (अलास्काच्या उत्तरेला चक्राकार फिरणारा प्रवाह) गोडे पाणी तर 34.8 क्षारतेच्या खोलीपर्यंतच मोजतात. तिथे संदर्भ गळून पडायला दुसरे दारच नाही.