न्यू जर्सीत घर कुठं घ्यावं? लेकरांची शाळा आणि ह्यांची लोकल

प्रेषक: नवीन सदस्य, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार मंडळी,
ह्यांची बदली जर्सी सिटीला झालीय, ऑफिस एक्स्चेंज प्लेसजवळ. जूनअखेर आम्ही सगळे येतोय. मोठी सातवीत जाईल, धाकटा तिसरीत. सध्या हे कंपनीच्या बसनं वाळूजला जातात आणि वाटेत झोप काढतात. तिकडं ते सुख नसणार हे माहीत आहे, पण निम्मा दिवस गाडीत जाऊ नये एवढीच इच्छा.

शाळा चांगली हवी, पण नुसती मार्कांच्या मागं धावणारी नको. वस्तीत सगळ्या तऱ्हेची माणसं असावीत. आमच्या मुलीला ईदचा शीरखुर्मा मैत्रिणीकडं आणि दिवाळीचा फराळ आमच्याकडं, अशी सवय आहे. इतक्या लांब येऊन फक्त आपल्याच लोकांत राहायचं का? पण अगदी एकटंही पडायचं नाही. सासरे काही महिने सोबत असतील, त्यांना रोज पायी फिरायला लागतं. कुणी एडिसन म्हणतं, कुणी प्लेन्सबरो. काय करावं?

---

प्रेषक: एडिसन (मूळ जालना)

वहिनी, एडिसन. फार विचार करू नका. ओक ट्री रोडवर ज्वारीच्या पिठापासून सगळं मिळतं, स्टेशन गावात आहे, शाळा चांगल्या आहेत. बाकी गावांची चर्चा म्हणजे टाइमपास. येताना येसर तेवढं जास्तीचं आणा.

---

प्रेषक: मेपलवुड (मूळ देगलूर)

जालन्याच्या दादांचं येसरपुरतं मान्य, बाकीचं तपासून घ्या.

एडिसन हे लाखाच्या वर वस्तीचं गाव आहे. तिथं दोन सरकारी हायस्कूलं, उत्तरेकडं जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेकडं एडिसन हाय. तुमचं लेकरू कुठल्या शाळेत जाणार हे तुम्ही ठरवत नाही, घराचा पत्ता ठरवतो. खालच्या वर्गांचंही तसंच. म्हणून ‘एडिसनची शाळा कशी?’ ह्या प्रश्नाला उत्तरच नाही. रस्ता आणि घर नंबर सांगून डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात फोन करायचा, ते शाळेचं नाव सांगतात.

प्रिन्स्टनच्या बाजूला तर आणखी गंमत. जाहिरातीत ‘प्रिन्स्टन’ लिहिलेलं असतं, पोस्टाचा पिनही ०८५४०, आणि घर निघतं प्लेन्सबरोत, वेस्ट विंडसरमध्ये नाहीतर साउथ ब्रन्सविकमध्ये. टॅक्स त्या टाउनशिपचा (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखं), शाळा त्या टाउनशिपची. एजंट हे आपण होऊन सांगेलच असं नाही.

घरांच्या वेबसाइटवर शाळेला दहापैकी आकडा दिलेला असतो. त्यात परीक्षेच्या निकालाचं वजन मोठं असतं, आणि निकाल बऱ्याच अंशी आईबापाच्या कमाईमागं जातो. त्यापेक्षा न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक सरकारी शाळेचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ काढतं, तो फुकट वाचायला मिळतो. शाळेत कुठल्या वंशाची किती मुलं, घरी कुठल्या भाषा बोलतात, गरीब घरांतली किती, सतत गैरहजर किती, सगळं त्यात आहे. मी आधी ‘स्टुडंट ग्रोथ’ बघतो. आदल्या वर्षी सारख्याच पातळीवर असलेल्या मुलांच्या मानानं ह्या शाळेतली मुलं वर्षभरात किती पुढं सरकली, ते त्यात कळतं. हुशार पोरं गोळा करून शंभर नंबरी दिसणारी शाळा आणि पोरांना शिकवणारी शाळा ह्यातला फरक तिथं दिसतो.

आता सगळ्या तऱ्हेच्या माणसांबद्दल. मी देगलूरचा. आमच्या बाजारात भाव तेलुगूत, हिशेब मराठीत आणि भांडण दखनीत. एडिसनमध्ये निम्म्याच्या आसपास वस्ती आशियाई आहे आणि त्यात आपले बरेच. वाईट काही नाही, पण तुम्ही मागताय ते हे नव्हे. मेपलवुड आणि शेजारचं साउथ ऑरेंज ह्यांची शाळा एकत्र चालते. इथं काळ्या आणि गोऱ्या घरांची सरमिसळ जुनी आहे आणि मुलांना शाळा वाटून देताना ती मुद्दाम सांभाळली जाते. माँटक्लेअरमध्ये घराजवळची शाळा असा हिशेबच नाही. पालक पसंतीक्रम देतात आणि बस मुलांना गावभर नेते. तिथं वरच्या गणिताच्या वर्गात कोण बसतं आणि कोण नाही, ह्यावरून पालकसभेत खडाजंगी होते. मला तरी ती झालेली बरी वाटते.

पण खरं सांगायचं तर तुमच्या ह्यांच्या ऑफिसला आमची लाइन अडचणीची. बहुतेक गाड्या न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जातात. होबोकेनची गाडी धरून पुढं पाथ (न्यू जर्सी-न्यूयॉर्कमधली मेट्रो) किंवा लाइट रेल (ट्रामसारखी गाडी) घ्यावी लागते. त्यांच्यासाठी नॉर्थईस्ट कॉरिडॉरची लाइन सोयीची. नेवार्कच्या पेन स्टेशनला उतरायचं, पाथ धरायची, वीसेक मिनिटांत एक्स्चेंज प्लेस. त्या लाइनवर मेटुचेन बघा. छोटं गाव, स्वतःची शाळा, मेन स्ट्रीट आणि स्टेशन पायी चालत. मेपलवुडइतकी सरमिसळ नाही, हे आधीच सांगतो. भाड्याची घरं कमी, म्हणून आत्तापासून शोधा.

---

प्रेषक: प्लेन्सबरो (मूळ लातूर)

ताई, मी प्लेन्सबरोत राहते, त्यामुळं आमच्या शाळेचं मीच सांगते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचं नाव मोठं आहे, दोन्ही हायस्कूलं चांगली. पण तुम्ही ‘मार्कांच्या मागं धावणारी नको’ म्हणालात म्हणून हे लिहिते. २०१५ मध्ये आमच्या सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, पालकांना मोठ्ठं पत्र लिहिलं होतं, मुलांवर ताण असह्य झालाय म्हणून. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ द्यायचा नाही असं ठरलं. पेपरात गाजलं. गावात सरळ दोन तट पडले. पुष्कळ आशियाई पालकांचं म्हणणं, दर्जा खाली आणताय; दुसरे म्हणाले, उशिराच सुचलं. मी बारावी लातूरला केली आहे, त्यामुळं मला दोन्ही बाजू कळतात. शनिवारी सकाळी गणिताच्या क्लासबाहेर गाड्यांची रांग बघा. लातूर पॅटर्नच आहे, फक्त पार्किंग मोठं.

तुमच्या मोठीसाठी एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवा: सातवीत बाहेरून आलेल्या मुलाला गणिताच्या कुठल्या गटात टाकतात आणि पुढं गट बदलता येतो का. हायस्कूलचं गणित त्यावर अवलंबून असतं. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, तिथं बिनधास्त मराठी लिहा. मग इंग्रजीची चाचणी होईल, होऊ द्या. गरज असेल तर मदतीचा वर्ग मिळतो. घाबरून ‘इंग्रजी’ लिहिणारे पालक मी पाहिलेत; लेकरू वर्गात गप्प बसून राहतं.

प्रवासाचं मात्र अवघड. आमच्या गावात स्टेशन नाही. गाडी काढून प्रिन्स्टन जंक्शन, तिथून नेवार्क, मग पाथ. दारापासून खुर्चीपर्यंत दीड तासाच्या पुढं जातं, आणि हिवाळ्यात गाडी उशिरा आली की विचारू नका. ऑफिस आठवड्यातून एकदोन दिवसच असेल तरच इकडं या. स्टेशनच्या पार्किंगचं परमिट मिळतंय का, हे घराच्या आधी बघायचं असतं.

---

प्रेषक: अंबाजोगाई

मी काकू. मुलाकडं येऊन-जाऊन असते, म्हणून मंडळाच्या मेल मला अजून येतात. तुम्ही सगळ्यांनी शाळा आणि गाड्या सांगितल्या, सासऱ्यांचं कुणीच बोललं नाही. मुलाच्या पहिल्या घरासमोर फूटपाथच नव्हता. घर मोठं, अंगण मोठं, आणि पायी जाण्यासारखं एकही ठिकाण नाही. मुलगा-सून कामावर, लेकरं शाळेत. दिवसभर टीव्ही. दुसरं घर लहान घेतलं पण लायब्ररी पायी दहा मिनिटांवर. तिथून टाउनशिपच्या भाजीच्या वाफ्यांचं कळलं, वर्षाला थोडे पैसे भरून एक वाफा घेतला. शेजारच्या वाफ्यावर एक चिनी आजोबा. त्यांना माझं येत नाही, मला त्यांचं येत नाही. मी अंबाडी लावली होती, ते रोज येऊन पान चुरगाळून वास घ्यायचे. एक दिवस जुडी काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून हातभर लांब शेंगा आल्या. कशा करायच्या ते त्यांच्या नातीनं लिहून दिलं.

तेव्हा माय, घर बघताना सासऱ्यांच्या पायानं बघ. आणि त्यांचा इन्शुरन्स इथूनच नीट वाचून घे, जुन्या दुखण्याला पैसे देत नाहीत बहुतेक.

---

प्रेषक: परभणी / नॉर्थ ब्रन्सविक

शाळाप्रवेशाच्या कागदांचं थोडक्यात. भाडेकरार, वीज-गॅसचं बिल, मुलांचे जन्मदाखले, आधीच्या शाळेचे निकाल आणि टीसी, लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत आणि डॉक्टरच्या सही-शिक्क्यासह. सरकारी शाळा व्हिसा विचारत नाही. भारतातून येणाऱ्यांची टीबीची तपासणी मागतात. बीसीजीमुळं कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, तेव्हा रक्ताची चाचणी चालेल का ते शाळेच्या नर्सला विचारा. बसचं: आठवीपर्यंत घर शाळेपासून दोन मैलांच्या आत असेल तर बस द्यायचं बंधन डिस्ट्रिक्टवर नाही. आतल्यांनी बहुधा स्वतः सोडायचं.

घर विकत घ्यायची घाई नको. इथला प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना जातो. एक वर्ष भाड्यानं काढा.

---

प्रेषक: गारखेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमची मेल सासऱ्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, वाफा मिळणार असेल तर मी जास्त दिवस राहतो. आता हे माझ्या डोक्याला!

ऑफिस आठवड्यातून तीन दिवस आहे असं कळलं, त्यामुळं प्लेन्सबरो बाजूला ठेवतोय. मेटुचेनला भाड्यानं बघतोय. सरमिसळ थोडी कमी पडेल, ते आम्ही दोघांनी बोलून घेतलं. ह्यांचं म्हणणं, वर्षभर शाळा बघू आणि मग मेपलवुडकडं जायचं का ते ठरवू. शाळेचा रिपोर्ट वाचला, गणिताच्या गटाबद्दल मेल टाकलाय. स्टेशनजवळचे दोन फ्लॅट इंटरनेटवर सापडले. एकाचा मालक म्हणतोय, आत्ताच डिपॉझिट पाठवा, नाहीतर जाईल. पाठवू का?

---

प्रेषक: एडिसन (मूळ जालना)

अजिबात नाही. घर कुणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक डॉलर पाठवू नका. दोन्ही पत्ते मला वैयक्तिक मेलवर टाका. शनिवारी जातो, आत जाऊन बघतो, स्टेशनपर्यंत चालून किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून सांगतो. आणि देगलूरकरांना कळवा, मेटुचेनच्या चारी बाजूंना एडिसनच आहे.